साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात, मूळचे बारदेशातील हडफड्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी मांडवी बंदरालगतच्या दाट वस्तीतील रुग्ण पाहून जेव्हा ग्रंथिक ज्वराचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले, तेव्हा त्या एका शब्दाने या शहरातील घरांचा इतिहास बदलून जाईल, अशी कल्पना कोणाला असण्याचे कारण नव्हते. शहराला प्रथम जाणवली ती केवळ भीती. १८९१ च्या खानेसुमारीत सव्वाआठ लाख लोकवस्ती नोंदल्या गेलेल्या या शहरातील जवळजवळ निम्मी माणसे पुढच्या काही महिन्यांत बोटींनी, आगगाड्यांनी आणि पायी आपापल्या गावी निघून गेली, गिरण्यांचे साचे थंडावले, आणि जी मागे राहिली त्यांच्या दारांवर सरकारी पथकांची थाप पडू लागली. हाफकिन यांची लस, पुण्यातील रँडचा अंमल आणि चापेकर बंधूंनी त्याला दिलेले उत्तर, या कथा मराठी वाचकाला ठाऊक आहेत. मला सांगायचे आहे ते भिंतींविषयी, खिडक्यांविषयी आणि दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेविषयी. कारण गरिबाला निरोगी घर मिळाले पाहिजे, हा विचार मुंबईत या साथीनंतर मोजमापाच्या भाषेत मांडला गेला, आणि मोजमापाच्या भाषेत मांडला गेला म्हणूनच पुढे तो कोठे आणि किती मोडला, हेही आपल्याला आज अचूक सांगता येते.

साथीपूर्वीची मुंबई कशी राहत होती, हे आधी पाहिले पाहिजे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला त्यानंतरच्या चाळीस वर्षांत गिरण्यांची संख्या सत्तरीच्या घरात गेली, आणि रत्नागिरीच्या खडकाळ जमिनीवरून व साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसांचा ओघ गिरणगावाकडे वाहू लागला. या माणसांना घर द्यावे, ही जबाबदारी गिरणीमालकांपैकी थोड्यांनीच आणि तीही अर्धवट पत्करली. उरलेले काम जमीनमालकांच्या हिशेबी बुद्धीवर सोडून देण्यात आले. त्यांनी मोकळ्या तुकड्यांवर चाळी उभारल्या, एका खोलीत एक बिऱ्हाड आणि बिऱ्हाडात दोन-चार पोटभाडोत्री अशी भरती केली, आणि ज्यांना तेवढेही परवडत नव्हते किंवा जातीमुळे खोली मिळत नव्हती, ते झावळ्यांच्या आणि पत्र्यांच्या छपराखाली राहिले. शहराचा आरोग्याचा विचार सरकारदरबारी त्याआधीही झाला होता. १८६० मध्ये विहारचे आणि १८९२ मध्ये तानशाचे पाणी शहरात आले, ते त्याच विचाराचे फळ. परंतु पाणी नळाने आणता येते. हवा आणि उजेड यांच्यासाठी जमीन सोडावी लागते, आणि जमीन सोडायला कोणी तयार नव्हते.

त्या काळच्या दाट भागातील एका गोष्टीकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दोन इमारतींच्या पाठीमागच्या भिंतींमध्ये दोन-चार हातांची एक चिंचोळी जागा ठेवलेली असे. तिला घरगल्ली म्हणत. टोपलीच्या संडासांतील मैला काढून नेण्यासाठी हलालखोराला आत शिरता यावे, मोऱ्यांचे सांडपाणी वाहून जावे आणि मागच्या खोल्यांना वारा मिळावा, अशा तीन कामांसाठी ती एकच गल्ली होती. परिणाम व्हायचा तोच झाला. वरच्या मजल्यावरून टाकलेले खरकटे, फुटक्या नळातून झिरपणारे पाणी आणि साचलेली घाण यांमुळे त्या गल्लीकडे उघडणाऱ्या खिडक्या रहिवाशांनी कायमच्या बंद केल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, आणि ज्या वाटेने हवा यायची तीच वाट दुर्गंधीची म्हणून बुजवली गेली. खिडकी असूनही नसल्यासारखी झालेली ती खोली भर दुपारी दिव्याच्या उजेडात चालायची. शेगडीचा धूर आतच कोंडायचा. आणि रात्री त्याच खोलीत सात-आठ माणसे झोपायची. रहिवाशांच्या अज्ञानावर या अवस्थेचे खापर फोडणारे अहवाल त्या काळी पुष्कळ लिहिले गेले. मला ते अन्यायाचे वाटतात. जी खिडकी उघडल्यावर घाणच आत येते, ती बंद करणारा माणूस शहाणाच म्हटला पाहिजे.

प्लेगच्या पहिल्या वर्षांत या घरांवर जे प्रयोग झाले, त्यांमागे रोगाविषयीची एक विशिष्ट समजूत होती. जंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये लागला होता, परंतु तो उंदरांवरील पिसवांच्या मार्फत माणसांत येतो, हे प्रतिपादन सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये केले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत अधिकाऱ्यांची दृढ समजूत अशी, की रोग घरात राहतो: ओल्या जमिनीत, काळोखात, कोंदट हवेत. म्हणून त्यांनी घरालाच रोगी ठरवले. प्रथम महापालिकेच्या आणि मग जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीच्या अमलात भिंतींना चुना मारण्यात आला, गटारे धुण्यात आली, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढण्यात आली, भिंतींना भोके पाडण्यात आली, आणि जी घरे मनुष्यवस्तीला नालायक ठरली त्यांच्या दारांवर तसे दर्शवणारी इंग्रजी आद्याक्षरे रंगवण्यात आली. ही सारी कारवाई ज्या उद्दामपणाने झाली, स्त्रियांच्या अब्रूची आणि लोकांच्या देवधर्माची जी पर्वा ठेवली गेली नाही, तिच्यामुळे लोक खवळले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढवला, तो या संतापाचाच उद्रेक होता.

प्लेगपुरती ही समजूत चुकीची होती, हे आज आपण जाणतो. कौले काढल्याने पिसवा मरत नाहीत. उलट घाबरलेले उंदीर शेजारच्या घरात जातात. परंतु इतिहासात असे क्वचित घडते, की एका रोगाविषयीच्या चुकीच्या सिद्धांतातून दुसऱ्या रोगावरचा योग्य उपाय हाती येतो. कोंदट आणि काळोख्या खोलीत, खोकणाऱ्या माणसाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जाणारा, उन्हात आणि वाहत्या हवेत दुबळा होणारा रोग मुंबईत तेव्हाही होता आणि आजही आहे. तो म्हणजे क्षय. प्लेगने एका हंगामात हजारो माणसे नेली म्हणून सरकार जागे झाले. क्षय वर्षानुवर्षे, एकेका बिऱ्हाडातून एकेक माणूस नेत राहिला, म्हणून त्याच्यासाठी कधी लष्करी अधिकारी नेमले गेले नाहीत. तरीही प्लेगच्या भयाने जे नियम जन्माला आले, त्यांचा खरा उपयोग क्षयाविरुद्धच होणार होता.

१८९८ च्या कायद्याने ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्या वेळी गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडहर्स्ट यांचे नाव ज्या रस्त्याला पुढे मिळाले तो, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, हे दोन्ही रस्ते केवळ गाड्याघोड्यांसाठी काढलेले नव्हते. पश्चिमेच्या समुद्राचा वारा शहराच्या कोंदटलेल्या पोटात शिरावा, ही त्यांच्या आखणीमागची स्पष्ट दृष्टी होती. नागपाडा, मांडवी-कोळीवाडा, चकला अशा भागांत ट्रस्टने जागा ताब्यात घेतल्या, मालकांना मोबदला दिला आणि इमले पाडले. मोबदला मालकांना मिळाला, हे वाक्य पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे. भाडोत्र्याला नोटीस मिळाली. आग्रीपाडा, चंदनवाडी, परळ अशा ठिकाणी ट्रस्टने चाळी बांधल्या खऱ्या, परंतु पाडण्याचा वेग आणि बांधण्याचा वेग यांचा मेळ कधीच बसला नाही; त्यामुळे पाडलेल्या वस्तीतील माणसे शेजारच्या, आधीच भरलेल्या वस्तीत घुसली, तेथील भाडी चढली, आणि एका गल्लीतील काळोख दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवल्यासारखे झाले. आरोग्याच्या नावाने केलेल्या सुधारणेचा खर्च निराधारांनी सोसायचा आणि लाभ रुंद रस्त्यालगतच्या प्रशस्त माड्यांनी घ्यायचा, ही रीत तेव्हा पडली ती आजतागायत पूर्णपणे सुटलेली नाही.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांना ही विसंगती दिसली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मुलकी खात्यातील या अधिकाऱ्याला इमारतींच्या उजेडाचा जणू ध्यास लागला होता. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतील घरांतील उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिले. त्यातील मुख्य तक्रार अशी, की ट्रस्ट लाखो रुपये खर्चून जुन्या अस्वच्छ वस्त्या पाडत असताना म्युनिसिपालिटीचे इमारत-नियम मात्र इतके ढिले आहेत, की तशाच नव्या वस्त्या कायदेशीर मंजुरीने रोज उभ्या राहत आहेत. यावर त्यांनी सुचवलेला नियम लंडनच्या इमारत कायद्यातही होता, आणि तो इतका सरळ आहे की शाळकरी मुलालाही पट्टीने आखून पाहता यावा. खोलीची खिडकी ज्या भिंतीत आहे, त्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक रेषा ओढावी. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करीत असेल, तर तळमजल्याच्या खोलीला पुरेसे आकाश दिसत नाही, असे समजावे. साडेत्रेसष्ट अंश का, याचे उत्तर त्रिकोणमितीत आहे: त्या कोनाला उंची ही अंतराच्या दुप्पट भरते. म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये वीस फूट मोकळे हवेत. साठ फूट असेल, तर तीस. नियमाला जात नाही, भाडे नाही, शिफारस नाही. तळमजल्यावरच्या माणसाला आकाशाचा किती तुकडा मिळावा, एवढेच तो सांगतो.

या नियमाला विरोध झाला, आणि तो विरोध गरिबांच्याच कळवळ्याची भाषा बोलत आला. मोकळी जागा सोडली तर खोल्या कमी होतील, खोल्या कमी झाल्या तर भाडे वाढेल, आणि भाडे वाढले तर गरीब रस्त्यावर येईल, असा जमीनमालकांचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी खोटा नव्हता, म्हणूनच तो घातक होता. महाग जमिनीच्या शहरात उजेडाची किंमत कोणीतरी द्यावीच लागते. ती जमिनीच्या भावातून वळती करायची, सार्वजनिक तिजोरीतून द्यायची, की भाडोत्र्याच्या फुप्फुसांतून वसूल करायची, एवढाच खरा प्रश्न असतो. ऑर यांनी पुढे शहराबाहेर नव्या वस्त्या आखून आतली दाटी आपोआप कमी करण्याचा मार्ग धरला. दादर, माटुंगा आणि वडाळा येथील आखीव, झाडांच्या रस्त्यांच्या वसाहती हे ट्रस्टचे सर्वांत सुंदर काम, परंतु तेथे राहायला गेला तो मध्यमवर्ग. गिरणी कामगार कारखान्याच्या भोंग्यापासून दूर जाऊ शकत नव्हता.

ट्रस्टच्या चाळींचा विषय निघाला की परळच्या पोयबावडीतील एका इमारतीपाशी थांबावेच लागते. लोअर परळच्या डबक चाळीतील एकाच खोलीत राहणारे सुभेदार रामजी आंबेडकर यांचे कुटुंब तेथून या ट्रस्टच्या चाळीत आले, आणि दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या दोन खोल्यांतून भीमराव आंबेडकर १९३४ पर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे, राहिले. कोलंबियाहून आणि लंडनहून परतलेला हा विद्वान, महाडच्या सत्याग्रहाचा आणि गोलमेज परिषदेचा नेता, त्या दोन खोल्यांत वाचत आणि लिहीत होता. खाजगी मालकाच्या चाळीत अस्पृश्याला खोली मिळणे दुरापास्त असताना सार्वजनिक मालकीच्या चाळीत ती मिळू शकली, हे या संस्थेचे मोठे श्रेय होय, मग त्या खोल्या कितीही लहान असोत. पुढे त्यांनी ग्रंथांसाठी बांधलेले राजगृह उभे राहिले ते ट्रस्टनेच आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीत. परळच्या चाळीतून दादरच्या घरात जाणारी ती वाट हजारोंना खुली व्हायला हवी होती.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी या प्रश्नाला एका दमात हात घालायचे ठरवले. १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले, शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवण्यात आली, आणि त्या पैशातून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याची तजवीज जाहीर झाली. त्या वेळची निकड समजण्यासाठी एवढे सांगितले तरी पुरे, की १९२१ मध्ये मुंबईतील बालमृत्यूंचे प्रमाण दर हजारी सहाशेच्या वर नोंदले गेले, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ते आठशेच्याही पुढे गेले. बाळंतपणासाठी पुष्कळ स्त्रिया गावी जात, त्यामुळे जन्मांची नोंद कमी आणि प्रमाण फुगलेले, ही सूट धरूनही ते आकडे वाचताना मन विषण्ण होते.

प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, मधून जाणारी सामायिक वाट, टोकाला संडास आणि खोलीला १६० चौरस फूट. आतून पाहिले तर या चाळी बांधणाऱ्याने राहणाऱ्याचा विचार केलेला दिसत नाही. मधल्या वाटेमुळे खोलीला एकाच बाजूने हवा. खिडकीच्या जागी नीट उघडणाऱ्या तावदानांऐवजी झरोक्यांच्या पट्ट्या. उन्हाळ्यात तापणारे काँक्रीट. वरळी तर त्या काळी बाजारापासून आणि बहुतेक गिरण्यांपासून इतकी दूर, की तेथील खोल्या वर्षानुवर्षे ओस पडल्या आणि सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांचा उपयोग सत्याग्रहींना कोंडून ठेवण्यासाठी झाला. कामगारासाठी बांधलेले घर तुरुंग म्हणून चालून जाते, याहून त्या रचनेवर अधिक कठोर टीका मला सुचत नाही. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचे अध्यापन करणारे पॅट्रिक गेडिस सांगत होते, की जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, अगदी मोडकी घरे तेवढी काढून मोकळ्या जागा करा, झाडे लावा, विहिरी जपा, आणि राहणाऱ्यांना विचारल्यावाचून काही करू नका. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही.

आणि तरीही डेव्हलपमेंट खात्याच्या चाळींनी एक गोष्ट दिली, जी पुढच्या पिढ्यांना मिळाली नाही. त्या चाळी एकमेकींपासून दूर होत्या. चार मजल्यांची उंची आणि मध्ये प्रशस्त अंगणे. वरळीत जांबोरी मैदानासारखी मोठी जागा, जेथे क्रिकेट, कबड्डी, गणेशोत्सव आणि सभा झाल्या. रहिवाशांनी कालांतराने झरोके काढून खिडक्या बसवल्या, आणि बाहेर अंतर होते म्हणून त्या खिडक्यांतून खरोखर वारा आला. खोलीचा दोष राहणाऱ्याला थोडाबहुत सुधारता येतो. समोरची इमारत त्याला ढकलून दूर नेता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात बांधकामाचा इतिहास थोडा आणि डागडुजीचा अधिक. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडोत्र्याला संरक्षण मिळाले, परंतु गोठलेल्या भाड्यात मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. गृहनिर्माण मंडळाने वसाहती बांधल्या, त्या अपुऱ्या पडल्या. आणि झोपडपट्टी हेच शहरातील अर्ध्याअधिक कष्टकऱ्यांचे घर होऊन बसले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत राहत्या खोल्यांसमोरची मोकळी जागा साधारणतः इमारतीच्या उंचीच्या एकतृतीयांश धरली गेली. ऑर यांचा अर्धा भाग तेवढ्यात एकतृतीयांशावर आला. मग १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले, आणि त्यामागची योजना अशी: विकासकाने झोपडीवासीयांना फुकट सदनिका बांधून द्यायची आणि मोबदल्यात खुल्या बाजारात विकायला वाढीव बांधकामाचा हक्क घ्यायचा. या व्यवहारात पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये सोडलेला प्रत्येक फूट म्हणजे विक्रीच्या इमारतीतून गेलेला फूट. म्हणून पुनर्वसनासाठी अंतराचे नियम शिथिल झाले, गरजेपोटी दिलेली सवलत हाच नियम बनला, आणि जमीनमालकांचा तो जुना युक्तिवाद या वेळी सरकारी अध्यादेशाच्या भाषेत परतला.

त्याचे फळ मानखुर्दला पाहायला मिळते. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या, त्यांना या शतकाच्या पहिल्या दशकात लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड या वसाहतींत २२५ चौरस फुटांच्या सदनिका मिळाल्या. पक्के छप्पर, स्वतःचा संडास, नळाचे पाणी आणि नावावर झालेली खोली, या गोष्टींचे मोल कमी लेखण्याचा अधिकार पक्क्या घरात जन्मलेल्या कोणालाही नाही. परंतु सात-आठ मजल्यांच्या या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरांवर, म्हणजे दहा फुटांवर, उभ्या आहेत. सत्तर-पंच्याहत्तर फूट उंचीला ऑर यांच्या पट्टीने पस्तीस फुटांहून अधिक अंतर हवे. तेथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. तळमजल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या खोल्यांत दिवसा दिवा लावल्यावाचून भाकरी थापता येत नाही, आणि त्या दहा फुटांच्या बोळात वरून पडणारा कचरा व गळणारे सांडपाणी साचल्यामुळे, वास आणि डास नकोत म्हणून खालच्या घरांनी खिडक्या बंद केल्या आहेत. घरगल्लीच ही, तिचे नाव तेवढे कोणी घेत नाही.

२०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साह्याने या दोन वसाहतींची आणि शेजारच्याच पीएमजीपी वसाहतीची तुलना केली. माणसे त्याच थरातील, परिसर तोच. फरक इमारतींच्या मांडणीत, कारण पीएमजीपीमध्ये मोकळी जागा अधिक आहे. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये शेकडा सुमारे आठ ते दहा घरांनी क्षयाचा रुग्ण असल्याचे सांगितले; पीएमजीपीत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास होते. आणि पहिल्या दोन वसाहतींतही रोग अधिक होता तो उजेड आणि हवा कमी पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर. गरिबी, कुपोषण, दाटीवाटी ही कारणे आहेतच. पण मजल्यागणिक बदलणारा रोग इमारतीकडेच बोट दाखवतो.

अलीकडे हरित इमारतींची चर्चा पुष्कळ होते, आणि तिच्यातून काही चांगल्या गोष्टीही निघाल्या आहेत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढली. तीत मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेच्या प्रदेशासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या क्षेत्राच्या निदान एक-षष्ठांश असावे, असा दंडक आहे. राजकोटला पंतप्रधान आवास योजनेतील ‘स्मार्ट घर’ प्रकल्पात ११७६ सदनिका बांधताना, उष्णता अडवणाऱ्या हलक्या विटा, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या आणि वारा वर ओढून घेणाऱ्या उभ्या वायुमार्गांची योजना सरकारी घरांतच केली गेली. तेव्हा अल्प उत्पन्नाच्या घरात असे काही जमत नाही, ही सबब आता टिकत नाही. परंतु खिडकीचे माप हे अर्धेच माप आहे. ती कशावर उघडते, हे दुसरे अर्धे माप, आणि मानखुर्दच्या खिडक्या कागदावर मोजल्या तर कदाचित फारशा लहान भरणार नाहीत. झाडांच्या कुंड्या, सौर तावदाने आणि प्रमाणपत्रांच्या पाट्या यांच्या आधी हा अंतराचा हिशेब व्हायला हवा; त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही, जमीन लागते, आणि नेमकी तीच कोणी देत नाही.

डेव्हलपमेंट खात्याच्या चाळी आता पाडल्या जात आहेत. वरळीत त्यांच्या जागी उंच मनोरे उठले असून ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या; १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांचा तो आनंद खरा आहे आणि तो त्यांना लाभायलाच हवा. मनोऱ्यांच्या बाबतीत ऑर यांचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही, कारण चारशे फूट उंचीला दोनशे फूट अंतर या बेटावर मागणे व्यर्थ. परंतु सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर किती तास उजेड पोहोचतो आणि वारा कोठून कोठे जातो, हे आराखड्याच्या मंजुरीआधी तपासून दप्तरी नोंदवणे अशक्य नाही. हे गणित ऑर यांना पट्टी आणि कोनमापकाने करावे लागे. आज ते संगणकावर थोड्या वेळात होते.

मानखुर्दसाठी मात्र केवळ पुढच्या आराखड्यांविषयी बोलून भागणार नाही. तेथील खालच्या तीन मजल्यांवरील कुटुंबांना त्याच परिसरात दुसरी घरे देऊन त्या खोल्या दुकाने, गोदामे आणि संस्थांच्या कचेऱ्या यांना द्याव्यात, इमारतींमधील बोळांची रोजची सफाई महापालिकेने आपल्या अंगावर घ्यावी, गळते नळ बदलावेत, आणि जोवर हे होत नाही तोवर निदान प्रत्येक खोलीतील कोंडलेली हवा बाहेर फेकणारे पंखे सरकारी खर्चाने बसवून त्यांच्या विजेचे बिलही सरकारने भरावे. ज्या प्रकल्पांसाठी ही माणसे हलवली गेली, ते रस्ते आणि रूळ आपण सारे रोज वापरतो. तेव्हा हा खर्च त्या प्रकल्पांच्याच हिशेबात मांडला गेला पाहिजे.